माईकपुढं बसायचंय ना? मग आधी ऐक

लाखभर रुपये भरून पुण्याला आरजेचा कोर्स करू का, असं विचारलंस. आईला अजून सांगितलं नाहीस, आबांसमोर विषय काढायची सोयच नाही, म्हणून ताईकडं आलीस. बरं केलंस. उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना जीव टांगणीला राहणार नाही. आत्ता नको. आधी आपल्या सातारा-सांगलीत जे दरवाजे आहेत ते वाजव. वर्ष-दीड वर्ष इथं घासून निघालीस आणि तरीही पुण्याला जायचंच असं वाटलं, तर आबांशी मी स्वतः बोलेन.

तुझी हौस मोडायची नाही मला. या कामात मी बरीच वर्षं काढलीत, माईकपुढं आणि माईकच्या पलीकडंही. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. आपल्याकडच्या रेडिओला गोड आवाज पुष्कळ मिळतात. मिळत नाही ती आपला मुलूख ओळखणारी मुलगी. द्राक्षाची खरड छाटणी कधी आणि फळ छाटणी कधी हे जिला विचारावं लागत नाही, जत तालुक्यातल्या जाडरबोबलादचं नाव जी न अडखळता घेते, माण-खटावचा माणूस पावसाबद्दल बोलताना मध्येच गप्प का होतो हे जिला कळतं, अशी. हे कुठल्या कोर्समध्ये विकत मिळत नाही. तुझ्याकडं ते घरचं आहे आणि तू तेच लपवायला निघालीस! परवाच्या रेकॉर्डिंगची सुरुवात तू 'हाय गाईज' अशी केलीस. बयो, तासगावात गाईज कोण गं?

आता दरवाजे बघू. सांगलीचं आकाशवाणी केंद्र ६ ऑक्टोबर १९६३ ला सुरू झालं. ते मध्यम लहरींवर लागतं, १२५१ किलोहर्ट्‌झवर. साताऱ्याचं एफएमवर आहे, १०३.१. तिथं कायमच्या जागा निघतील या आशेवर बसू नकोस, वय निघून जाईल. अधूनमधून निघतात त्या नैमित्तिक उद्‌घोषकांच्या आणि निवेदकांच्या. जाहिरात येते, अर्ज करायचा, सहसा एक लेखी परीक्षा होते, मग आवाजाची चाचणी. लेखी परीक्षेला मुली घाबरत नाहीत आणि तिथंच आपटतात, कारण साहित्य, संगीत, चालू घडामोडी, आपला जिल्हा असं सगळं विचारलं जातं. गाणी तोंडपाठ असतात, पण गाणं कुणी लिहिलं आणि चाल कुणाची हे विचारलं की सामसूम. पार पडलीस तर 'वाणी' नावाचं प्रशिक्षण मिळतं आणि मग महिन्याला साधारण पाच-सहा ड्यूट्या. ड्यूटीमागे ठरलेले पैसे, बस्स. याला नोकरी समजायचं नाही, आणि लग्नाच्या बायोडेटात 'आकाशवाणीत सर्व्हिस' असं लिहायला मामांना लावायचं नाही.

मग करायचं कशाला? हाताला वळण लागावं म्हणून. तिथं क्यू शीट असते. कुठल्या मिनिटाला काय जाणार ते त्यावर लिहिलेलं. बातम्यांची वेळ झाली की बातम्या. गाणं कितीही रंगात आलेलं असो, फेडर खाली घ्यायचा, स्वच्छ आवाजात वेळ सांगायची आणि बाजूला व्हायचं. दोन सेकंद शांतता गेली तरी अंगावर काटा येतो. सुरुवातीला वाटतं, एवढी कसली घाई? मग हळूहळू कळतं की घड्याळ पाळणारी मुलगी कुठंही चालते, खासगी वाहिनीवर, स्टेजवर, डबिंगला, कुठंही. मोबाइलवर रील करताना चुकलं की पुन्हा घेता येतं. थेट प्रसारणात तोंडातून गेलेला शब्द गेला. चुकलीस तर 'क्षमस्व' म्हणून दुरुस्त करायचं आणि पुढं जायचं, हसत बसायचं नाही.

दुसरा दरवाजा मला जास्त आवडतो. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी, ९०.४ एफएम. २००८ पासून चालू आहे. चेतना सिन्हांच्या माणदेशी फाउंडेशनचं हे काम, ज्यांनी १९९७ मध्ये तिथं बायकांची बँक उभी केली, त्यांचंच. हा सामुदायिक रेडिओ. म्हणजे काय, तर २००६ च्या धोरणानंतर सरकारनं सामाजिक संस्थांनाही छोटी केंद्रं चालवायची परवानगी दिली. शंभर वॅटचा ट्रान्समीटर, दहा-पंधरा किलोमीटरचा टापू. एवढ्या टापूत ऐकणारा माणूस तुला बाजारात भेटतो आणि तोंडावर सांगतो, काल तू चुकीचं बोललीस म्हणून.

तिथल्या आरजे केराबाई सरगर यांचं नाव तू ऐकलंच असशील. शाळेची पायरी न चढलेली बाई, स्वतः गाणी रचते, स्वतः गाते, आणि सगळा माणदेश तिला आरजे केराबाई म्हणून ओळखतो. लिहिता-वाचता येत नाही म्हणजे स्क्रिप्ट नाही, क्यू शीट नाही. तरी ती बोलायला लागली की ऐकणारी बाई हातातली भाकरी थापायची थांबते. कोर्सवाले जे 'कनेक्ट' का काय म्हणतात ना, ते हे. आता तू म्हणशील, मग मला तरी शिकायची काय गरज? केराबाईंच्या मागं जात्यावरच्या ओव्यांपासूनचा आयुष्यभराचा साठा आहे गं. तुझ्या मागं बी.ए.ची तीन वर्षं आहेत. तुला शिकावं लागेल. फक्त कुणाकडून, एवढाच प्रश्न.

जत तालुक्यात जालिहाळला येरळा प्रोजेक्ट्‌स सोसायटीची येरळावाणी आहे. तो भाग पार कर्नाटकाच्या कडेला. तिथं घरात कानडी आणि शाळेत मराठी अशी पोरं. तुझ्या आज्जीचं माहेर त्याच बाजूचं ना? मग कानडी जेवढं येतंय तेवढं पुसून टाकू नकोस, वाढव. सीमेवरच्या रेडिओवर दोन भाषा बोलणारी मुलगी म्हणजे लाखात एक. सामुदायिक केंद्रात पैसे थोडे, हे आधीच सांगते. पण तिथं तू ध्वनिमुद्रण करशील, संपादन करशील, गावात जाऊन बायकांना बोलतं करशील, केबल तुटली तर जोडशीलही. खासगी वाहिनीत एवढं सगळं एका पोरीच्या हाती कुणी देत नाही.

आणि खासगी वाहिन्या. सांगली-कोल्हापुरात आहेत, चकचकीत आहेत, पगार महिन्याला मिळतो. पण तिथं आरजे म्हणजे नुसतं बोलणं नव्हे. जाहिरातीचे स्पॉट लिहायचे, साडीच्या दुकानाच्या उद्‌घाटनाला जायचं, रील करायचे, आणि सेल्सच्या माणसानं आणलेल्या कंपनीचं कौतुक अशा सुरात करायचं की तुलाच ते खरं वाटतंय. शिवाय पुष्कळ तासांचे कार्यक्रम मोठ्या शहरात बनतात आणि इथं नुसते वाजतात. आकाशवाणीवरही सहक्षेपण वाढलंय. इथल्या माणसाला इथं बोलायला मिळणारे तास कमी होत चाललेत, हे वाईट आहे आणि खरं आहे. म्हणूनच म्हणते, जी मुलगी इथलं असं काही देईल जे मुंबईत बसून देता येत नाही, तिचाच तास टिकेल. गोड आवाजात 'आज काय म्हणता मंडळी' म्हणणारी कुठूनही मिळते.

आता तुझ्या बोलीबद्दल. यावर आपलं वाजणार आहे, पण ऐकून घे.

तुला वाटतं तुझी भाषा गावंढळ आहे. कॉलेजात कुणीतरी हसलं असेल. बरं, माडगूळकर बंधू कुठले? आटपाडी तालुक्यातले. ग. दि. माडगूळकरांचं गीतरामायण १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं, आठवड्याला एक गाणं, अशी छप्पन्न. धाकटे व्यंकटेश माडगूळकर तर त्याच पुणे केंद्रावर कितीतरी वर्षं ग्रामीण कार्यक्रमांचं काम करत होते. माणदेशाचं बोलणं त्यांनी लपवून ठेवलं नाही. उलट त्यातलं नेमकं काय घ्यायचं याचा त्यांचा कान पक्का होता. तुलाही तोच कान तयार करायचाय.

काय सुधारायचं आणि काय ठेवायचं, यात गल्लत करू नकोस. 'पानी', 'आनी', 'म्हनून' हे सुधार. 'ण'ला जीभ वर लागली पाहिजे, 'श' आणि 'स' वेगळे ऐकू आले पाहिजेत, चमच्यातला 'च' आणि चिंचेतला 'च' गोंधळता कामा नये. आकाशवाणीच्या चाचणीत यावरच पोरी गळतात, आणि त्यात अन्यायही नाही, कारण लांबच्या गावात खरखरीतून ऐकणाऱ्याला शब्द कळला पाहिजे. पण 'वाफसा', 'वैरण', 'कोरड्यास', 'जळण', 'उक्तं', 'पैरा' हे शब्द टाकून दिलेस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. वाक्याचा हेलही थोडा राहू दे. बातम्या वाचताना सपाट वाच, शेतकऱ्याशी बोलताना गावासारखी बोल. दोन्ही यायला हवं. बाहेरून आलेला अधिकारी शेतीच्या कार्यक्रमात 'जमिनीतील आर्द्रतेचे योग्य प्रमाण' म्हणतो, तेव्हा तू शांतपणे विचारायचं, 'म्हणजे वाफसा आल्यावर ना साहेब?' एवढ्या एका वाक्यात तुझा पगार वसूल.

पुणेरी आवाज काढून बोलायची हौस असते बघ नव्या पोरींना. नाकातून, शेवटचा शब्द ओढत. ऐकणाऱ्याला लगेच कळतं. त्यापेक्षा यात्रेतल्या कुस्तीच्या मैदानावर जाऊन बस. हो, मुलगी म्हणून लोक बघतील, भावाला घेऊन जा. तिथला निवेदक ऐक. हलगी वाजतेय, हजारो माणसं गोल बसलीत, आणि हातात एक माईक. प्रत्येक पैलवानाचं गाव, तालीम, वस्ताद, मागच्या वर्षी कुणाला चितपट केलं, सगळं त्याच्या तोंडात. कागद नाही. डाव पडायच्या क्षणी त्याचा आवाज कुठं चढतो, आणि जोड लांबली की तो लोकांना कसा खिळवून ठेवतो, ते टिपून घे. तसंच कवलापूरच्या काळू-बाळूंच्या तमाशाच्या जुन्या ध्वनिफिती मिळाल्या तर ऐक. विनोद सांगून झाल्यावर ते किती वेळ थांबतात तेवढंच बघ. नव्या आरजेला नेमकं थांबता येत नाही. स्वतःच्या विनोदावर स्वतःच आधी हसते.

सराव म्हणशील तर रोज सकाळी दहा मिनिटं वर्तमानपत्र मोठ्यानं वाच. अग्रलेख नको, मार्केट यार्डातले हळद-बेदाण्याचे दर आणि निधनवार्ता वाच. आकडे आणि नावं, यातच जीभ अडकते. मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि लगेच ऐकू नकोस, दुसऱ्या दिवशी ऐक. तेव्हा आपलाच आवाज परका वाटतो आणि चुका दिसतात. घसा बसला तर गरम पाण्याची वाफ घे आणि गप्प बस. गप्प बसणं हे औषध आपल्याकडं कुणी घेत नाही.

श्रोत्यांच्या पत्रांचा एक धडा सांगते. 'आपली आवड'सारख्या कार्यक्रमाला फर्माईश येते तेव्हा एका गाण्यामागे अख्खं घर असतं. आजोबा, आजी, तीन काका, चुलत भावंडं, शेवटी 'आणि छोटी परी'. वेळ कमी आहे म्हणून तू परीचं नाव गाळलंस, तर ते घर पुन्हा पत्र पाठवणार नाही. अमीन सायानींनी १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर गीतमाला सुरू केली. त्या काळातल्या फर्माइशींमुळं झारखंडातलं झुमरी तलैया देशभर ठाऊक झालं. गावाचं नाव रेडिओवर आलं की माणसाची छाती फुगते, यात काही खोटं नाही. म्हणून नाव नीट घ्यायचं. आणि गाव कुठलं ते नीट बघायचं. समज, 'नागठाण्याहून पत्र आलंय' असं म्हणालीस, पण कुठलं नागठाणे? एक साताऱ्याजवळ हमरस्त्यावरचं, दुसरं पलूस तालुक्यातलं, बालगंधर्वांचं. साताऱ्याच्या नागठाण्याच्या माणसाला 'बालगंधर्वांच्या गावचे' म्हणालीस तर तो हसेल. पलूसच्या माणसाला म्हणाली नाहीस तर तो रुसेल. पूर्वी हे सगळं एकाच सातारा जिल्ह्यात होतं, १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. त्यामुळं नाती, सोयरिकी, गावांची नावं, सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे. नकाशा भिंतीवर लाव. खरंच लाव, मोबाइलमधला नको.

आणि पूर. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आपल्याकडं रेडिओवाल्याची खरी परीक्षा पावसाळ्यात होते.

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी मोजतात. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा शाळकरी वयात तू ते पाहिलंयस, मी तुला काय सांगू. अशा दिवसांत 'पाणी वाढतंय, काळजी घ्या' हे वाक्य काही कामाचं नाही. पातळी किती, किती वाजता मोजलेली, कुठं मोजलेली आणि कुणी सांगितली, या चार गोष्टी एका दमात सांगायच्या. सकाळी सहाचा आकडा दुपारी वाचत असशील तर 'सकाळी सहाची' असं म्हणायचंच. तुझ्या एका आकड्यावर भिलवडीचा माणूस म्हैस सोडायची की अजून थांबायचं ते ठरवत असतो.

टीएमसी आणि क्युसेक यांची सरमिसळ तर मोठमोठे लोक करतात. टीएमसी हा साठा, एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. कोयना धरण भरलं की १०५.२५ टीएमसी. क्युसेक हा वेग, सेकंदाला एक घनफूट पाणी. 'कोयनेतून इतके टीएमसी सोडले' असं घाईत म्हणालीस तर ऐकणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकेल. कोयना कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते, वारणा हरिपूरला. धरणातून सोडलेलं पाणी सांगलीत पोचायला काही तास जातात, हे गावातल्या म्हाताऱ्यांना पाठ आहे, स्टुडिओतल्या मुलीलाही पाठ हवं. आणि व्हॉट्‌सॲपवर फिरणारा 'धरणाला तडा' हा संदेश कितीही जणांनी पाठवला तरी पाटबंधारे खात्याकडून किंवा जिल्हा प्रशासनाकडून खात्री झाल्याशिवाय तोंडातून काढायचा नाही. १९६७ चा कोयनेचा भूकंप ज्यांनी सोसलाय त्यांच्या घरात ती भीती अजून आहे.

नियमही माहीत असू दे. खासगी एफएमला आणि सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. हवामान, वाहतूक, नैसर्गिक आपत्ती यांची प्रशासनानं दिलेली माहिती मात्र सांगता येते. म्हणजे पुरात तुझी गरज आहेच, फक्त पत्रकार व्हायला जाऊ नकोस. आणि तुझा तो चुलतभाऊ ऑनलाइन एफएम ट्रान्समीटर मागवून गच्चीवरून वाहिनी सुरू करू म्हणतोय ना, त्याला सांग, परवान्याशिवाय प्रसारण हा गुन्हा आहे. १९४२ मध्ये बावीस वर्षांच्या उषा मेहतांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, पण तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं आणि त्या त्यासाठी तुरुंगात गेल्या. चुलतभाऊ गाण्यांसाठी जाणार काय?

पैशाचं बोलू, कारण ते कुणी बोलत नाही. पहिली काही वर्षं रेडिओच्या जिवावर घर चालत नाही. आवाजाच्या जिवावर चालू शकतं. सूत्रसंचालन, सहकारी बँकेच्या वार्षिक सभेपासून लग्नाच्या संगीतापर्यंत. ऑडिओबुकं, मराठीत आता बरीच निघतात. माहितीपटांचं निवेदन. आणि हो, स्पीकर लावून फिरणाऱ्या रिक्षेसाठीच्या जाहिराती. तुला हसू येईल, पण निवडणुकीच्या हंगामात त्या रेकॉर्डिंगचे पैसे आकाशवाणीच्या ड्यूट्यांपेक्षा जास्त होतात. मी केलंय ते काम, लाज वाटली नाही. लाज वाटली ती एकदाच, एका कार्यक्रमाच्या आयोजकांनी 'तुम्हाला प्रसिद्धी मिळतेच की' म्हणून शाल-श्रीफळावर बोळवण केली तेव्हा. तेव्हापासून निम्मे पैसे आधी. हे वाक्य आरशासमोर म्हणून पाठ कर, उच्चारांच्या सरावातच धर. जम बसेपर्यंत हातात दुसरं काहीतरी असू दे. बी.एड. करत असलीस तर सोडू नकोस. आर्थिकदृष्ट्या मोकळी मुलगी माईकपुढं मोकळी बोलते.

कोर्स वाईट नसतात गं. चांगल्या ठिकाणी तंत्र शिकवतात, ओळखी होतात. पण आत्ता तुला काय येत नाही हेच तुला ठाऊक नाही. वर्षभर काम केल्यावर तू तिथं जाऊन विचारशील, प्रत्येकाला कन्सोलवर किती तास बसायला मिळतं? थेट प्रसारण करायला मिळतं की नुसतं रेकॉर्डिंग? मागच्या तुकडीतली कुठली मुलगी आज कुठल्या वाहिनीवर बोलते, तिचा फोन मिळेल? यावर जिथं 'मॅडम, आमचं कॅम्पस बघा ना' असं उत्तर येईल तिथून उठायचं.

आता आबा. आबांचा आक्षेप रेडिओला नाही, वेळी-अवेळी बाहेर राहण्याला आहे, आणि 'आवाजावर काम करणाऱ्या बायका' या शब्दांना. आपल्याकडं घराघरात फौजी आहेत. तर आबांना सुधा नरवणेंचं नाव सांग. पुणे आकाशवाणीवरून प्रादेशिक बातम्या द्यायच्या, त्यांचा आवाज आबांनी नक्की ऐकलेला असणार. त्यांचा मुलगा, जनरल मनोज नरवणे, २०१९ च्या अखेरीस लष्करप्रमुख झाला. हे सांगितलंस की आबा निदान चहा संपेपर्यंत तरी ऐकून घेतील. पुढचं माझ्याकडं सोड.

आबांची काळजी मात्र अगदीच फोल नाही. आवाज ओळखीचा झाला की लोकांना वाटतं माणूसही ओळखीचं झालं. स्वतःचा नंबर प्रसारणात किंवा समाजमाध्यमांवर कधी द्यायचा नाही, केंद्राचाच द्यायचा. रोज ठरावीक वेळी स्टुडिओबाहेर कुणी उभं राहत असेल तर 'चाहता असेल' म्हणून सोडून द्यायचं नाही, केंद्रप्रमुखांना लेखी कळवायचं. आणि आतल्याच कुणाचा त्रास झाला तर २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कार्यालयात अंतर्गत समिती असावीच लागते. त्याहून छोटं कार्यालय असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाता येतं. सामुदायिक केंद्रात चार-पाचच माणसं असतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

या महिन्यात एवढंच कर. 'हाय गाईज' पुसून नवीन रेकॉर्डिंग पाठव. विषय तूच ठरव, पण तुझ्या गावातल्या एका माणसाला त्यात बोलतं केलेलं हवं, आणि त्यात तुझ्यापेक्षा तो जास्त बोलला पाहिजे. म्हसवडला एकदा जाऊन ये. आकाशवाणीची जाहिरात आली की मला कळव, अर्ज आपण दोघी मिळून भरू. आणि काही झालं तरी दुचाकीचं लायसन्स आत्ताच काढून घे. सकाळची सभा सहाच्या आसपास सुरू होते, उद्‌घोषकानं त्याच्या आधी पोचायचं असतं, आणि तुमच्या गावातून तेवढ्या पहाटे एकही एसटी नाही.